दोन अंशांसाठी एक दिवस

सकाळी ७.००
टॅपेट थंड इंजिनवरच सेट करायचे असतात, म्हणून या कामाच्या दिवशी मी लवकर येतो. गाडी काल रात्रीच शेडमध्ये लावून ठेवली होती. जुनी होंडा सिटी व्हीटेक, दीड लिटर, सोळा व्हॉल्व्ह, एकच कॅम. भारतात ही गाडी आली तेव्हा कारखान्यातूनच १०६ बीएचपी देत होती, आणि ट्रॅकवर जाणाऱ्या पोरांचा तिच्यावरचा जीव अजून कमी झालेला नाही. मालक सांगलीचे. ही गाडी ते फक्त ट्रॅकवर चालवतात, एरवी ती ट्रेलरवरूनच फिरते. ते योग्यच आहे. नोंदणी केलेल्या गाडीत मनाला येईल ते बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ परवानगी देत नाही, आणि असं इंजिन रोजच्या ट्रॅफिकमध्ये सुखाने चालतही नाही.

हेडला दोनदा फेस मारलेला आहे. कॅम जास्त लिफ्टचा, ईसीयू प्रोग्रॅम करता येणारा. कंपनीची टायमिंग पुली काढून तिथे अ‍ॅडजस्टेबल कॅम गिअर बसवलाय. याचा मधला भाग कॅमला पक्का असतो, बाहेरची दातांची रिंग बेल्टला, आणि दोघांमधले बोल्ट सैल केले की कॅम बेल्टच्या तुलनेत थोडा पुढे किंवा मागे सरकवता येतो. व्हॉल्व्ह किती उघडतात आणि किती वेळ उघडे राहतात, यात काडीचाही फरक पडत नाही. ते कधी उघडतात, एवढंच बदलतं.

फिलर गेज घेऊन टॅपेट तपासले. इनटेकला ०.२० आणि एक्झॉस्टला ०.२५ मिलिमीटरच्या आसपास. हे आधी का? टॅपेट ढिला असेल तर व्हॉल्व्ह उशिरा उघडतो आणि लवकर बंद होतो, मग पुढची सगळी मापं खोटी निघतात.

सकाळी ८.३०
दिवसातलं सर्वांत महत्त्वाचं काम आता. बरेच जण नेमकं हेच गाळतात.

गिअरवर शून्याची रेघ असते. ती रेघ जुळवली की कॅम जागेवर आला, असं समजून लोक थेट डायनोवर, म्हणजे चाकांची ताकद मोजणाऱ्या रोलरवर, जातात. पण ती रेघ फक्त त्या गिअरपुरती खरी. हेडला फेस मारला की कॅम क्रँकच्या जवळ येतो, बेल्टची ओढणारी बाजू तेवढी आखूड लागते आणि कॅम मागे पडतो. या इंजिनवर अर्धा मिलिमीटर धातू गेला तर क्रँकचा साधारण एक अंश गेला असं धरा. त्यात कॅम घासणाऱ्याचा फरक आला, बेल्टचा ताण आला. म्हणून आधी मोजायचं.

क्रँकवर डिग्री व्हील लावलं. एक नंबरच्या प्लगच्या भोकातून पिस्टन स्टॉप घातला, इंजिन हळूच दोन्ही बाजूंनी टेकवून पाहिलं, दोन आकड्यांचा मध्य काढला. हा खरा टीडीसी, म्हणजे पिस्टनची सर्वांत वरची जागा. पुलीवरच्या खुणेवर मी विसंबत नाही. मग स्टॉप काढून इनटेक व्हॉल्व्हच्या रिटेनरवर डायल गेज टेकवलं आणि इंजिन हाताने फिरवायला घेतलं. होंडाची ही जुनी इंजिनं बेल्टच्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतात. मारुतीवर हात बसलेल्या मेकॅनिकचा इथे घोटाळा होतो. एकतर तो उलटा फिरवून बेल्ट ढिला पाडतो, नाहीतर कॅम अ‍ॅडव्हान्स करतोय असं समजून रिटार्ड करून ठेवतो.

व्हॉल्व्ह चढताना एक मिलिमीटरवर एक आकडा, उतरताना एक मिलिमीटरवर दुसरा. त्यांचा मध्य म्हणजे कॅमच्या लोबचा मध्य. कॅमच्या कार्डवर १०८ अंश लिहिलंय, मोजून आले ११०. म्हणजे गिअर शून्यावर असताना कॅम दोन अंश मागे आहे.

‘‘उस्ताद, मग दोन रेघा पुढे घेऊ?’’ हाताखालच्या पोराने विचारलं.

‘‘आधी सांग, रेघा कॅमच्या की क्रँकच्या?’’

प्रश्न साधा आहे, पण त्यावर इंजिन जगतं किंवा मरतं. क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅम एकदा फिरतो, म्हणून कॅमचा एक अंश म्हणजे क्रँकचे दोन. काही गिअरवर खुणा कॅमच्या अंशात असतात, काहींवर क्रँकच्या. डिग्री व्हीलवर पडताळून पाहिलं, या गिअरच्या रेघा क्रँकच्या आहेत. दोन रेघा पुढे घेतल्या, परत मोजलं, १०८ आले. आजचा आपला शून्य हा.

सकाळी ११.००
हेड उघडलं होतं तेव्हा पिस्टनवर क्ले लावून व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधली फट मोजली होती. तो कागद काढला. कॅम पुढे घेतला की इनटेक व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो, मागे नेला की एक्झॉस्ट. इनटेकला दोन आणि एक्झॉस्टला अडीच मिलिमीटरच्या खाली मी जात नाही. कागदाप्रमाणे दोन्हीकडे चार अंशांची मोकळीक आहे. ती मर्यादा मार्करने बॉनेटच्या आतल्या बाजूला लिहून ठेवली, म्हणजे डायनोवर उत्साहाच्या भरात कुणाचा हात पुढे जाणार नाही. मग इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे. कुठेही अडकलं नाही. बेल्टचा ताण, झाकण, ट्रेलर.

दुपारी १.३०
डायनोचं भाडं तासावर असतं, म्हणून जेवण वाटेतच उरकलं. गाडी रोलरवर पट्ट्यांनी बांधली, पुढे पंखा लावला, तेल आणि पाणी नीट तापू दिलं. आमचं पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर, हवा विरळ, त्यात दुपारचं ऊन. त्यामुळे स्क्रीनवर किती बीएचपी आले यापेक्षा आजच्या आज, याच रोलरवर, दोन सेटिंगमध्ये काय फरक पडला हेच मी पाहतो. पुल, म्हणजे खालून वरच्या आरपीएमपर्यंत पूर्ण थ्रॉटल, चौथ्या गिअरमध्ये, प्रत्येक सेटिंगला एकापेक्षा जास्त, आणि ग्राफ एकमेकांवर बसल्याशिवाय पुढे जायचं नाही.

पहिला ग्राफ १०८ वर. मग इंजिन बंद, गिअरचे बोल्ट सैल. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला कुठेतरी ढकलत असतातच, म्हणून एकाने मधला बोल्ट पान्याने धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने सरकवायचं. दोन अंश पुढे.

लगेच पुल मारला असता तर आकडे छान आले असते आणि फसवेही असते. या इंजिनचा डिस्ट्रिब्युटर कॅमच्याच टोकाला जोडलेला आहे. कॅम पुढे सरकला की ठिणगीही तेवढीच पुढे सरकते. मग वाढलेली ताकद कॅमची की इग्निशनची? अनेक गाड्यांवर ‘कॅम गिअरने एवढं मिळालं’ म्हणून सांगितलं जातं, त्यात बराच भाग नुसत्या इग्निशनचा असतो आणि त्यासाठी कॅम गिअरची गरजच नव्हती. उलट, ठिणगी नकळत पुढे गेली आणि पेट्रोल साधं असलं तर नॉकिंगने पिस्टन खलास. म्हणून प्रत्येक बदलानंतर टायमिंग लाइट लावायची, डिस्ट्रिब्युटर फिरवून ठिणगी होती तिथे आणायची, मिश्रण तपासायचं, आणि मगच पुल. याला वेळ जातो, पण त्याशिवाय आकड्यांना अर्थ नाही.

दुपारी ३.३०
आता ग्राफ बोलायला लागले. कॅम पुढे घेतल्यावर इनटेक व्हॉल्व्ह लवकर बंद होतो, कमी आरपीएमला सिलिंडरमध्ये आलेली हवा परत ढकलली जात नाही, आणि मधला टॉर्क वर येतो. मागे नेल्यावर व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, वरच्या आरपीएमला वेगाने येणाऱ्या हवेला आत शिरायला जास्त वेळ मिळतो, शेंडा वाढतो आणि खालचा भाग बसतो. दोन कॅमच्या इंजिनमध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट वेगवेगळे सरकवून ओव्हरलॅप बदलता येतो. इथे एकाच कॅमवर दोन्ही आहेत, दोन्ही बरोबरच जातात. त्यामुळे निवड सरळ आहे, तशी कठोरही.

चार अंश पुढे नेल्यावर वरचा भाग फारच पडला. दोन अंश मागे नेल्यावर सर्वांत मोठा बीएचपीचा आकडा आला. मालकांचे डोळे चमकले.

‘‘दादा, हेच ठेवूया ना?’’

‘‘तुम्ही पळवणार कुठे?’’

‘‘कोइमतूरला. करी स्पीडवेवर.’’

सुमारे २.१ किलोमीटरचा ट्रॅक, वळणांमागून वळणं. प्रत्येक वळणातून बाहेर पडताना गाडी मधल्या आरपीएमला असणार, आणि शेंड्यावरची ताकद जेमतेम क्षणभर वापरली जाणार. त्यांना दोन्ही ग्राफ शेजारी ठेवून दाखवले. कुठे काय हरवतं ते त्यांनी स्वतःच बोटाने दाखवलं. दोन अंश पुढे, हे ठरलं.

सायंकाळी ५.००
कॅमची जागा बदलली की व्हीटेक लागायची, म्हणजे छोट्या लोबवरून मोठ्या लोबवर जायची, योग्य जागाही बदलते. छोट्या लोबवर एक पुल आणि मोठ्या लोबवर एक पुल घेऊन, दोन्ही रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे ईसीयूमध्ये आकडा भरला. ग्राफमधला खड्डा गेला. मग इग्निशन आणि पेट्रोल नव्याने, बारकाईने.

सायंकाळी ७.१५
इंजिन थंड झाल्यावर गिअरचे बोल्ट एकेक काढून, थ्रेड-लॉक लावून, गिअरच्या कंपनीने दिलेल्या टॉर्कला कसले. अ‍ॅल्युमिनियममध्ये जास्त जोर लावला तर आटे जातात, कमी लावला तर गिअर सरकतो. या इंजिनमध्ये टायमिंग चुकलं की व्हॉल्व्ह आणि पिस्टन भिडतात. बोल्टवर आणि रिंगवर पिवळ्या रंगाची रेघ ओढली, म्हणजे काही हललं तर लगेच दिसेल. ट्रॅकवरच्या पहिल्या सेशननंतर झाकण उघडून ती रेघ पाहायची, असं मालकांना लिहूनच दिलं.

तुमच्या सिंगल कॅम होंडावर असा गिअर लावणार असाल, तर डायनो तासाभरासाठी घेऊ नका, अर्धा दिवस तरी घ्या. टायमिंग लाइट आपली न्या. आणि जो मेकॅनिक डिग्री व्हील न लावता थेट रेघा जुळवायला घेईल, त्याच्या हातात गाडी देऊ नका.