पाणी कुठवर आलं होतं?

घर घेताना, घर देताना : लेखांक ७

कोल्हापूरच्या नागाळा पार्कातला एक बंगला विकायला काढला होता. मालकीणकाकू सत्तरीच्या, एक मुलगा पुण्यात, दुसरा अमेरिकेत. घर विकण्याआधी ते ‘नवं’ करून घ्यायचं असं मुलांनी ठरवलं आणि हात सैल सोडून खर्च केला. दिवाणखान्याला पीओपीचं छत, खाली इटालियन मार्बल, भिंतींना छातीपर्यंत लाकडी पॅनेलिंग, वरच्या मजल्यावर बाथटब. एका रविवारी उद्यमनगरातले एक फाउंड्रीवाले आईला घेऊन घर बघायला आले. घर तपासायला त्यांनी मला बरोबर नेलं होतं. मुलगा छतातले दिवे बघण्यात गुंग होता. आई मात्र खुर्चीवर टेकल्याही नाहीत. त्या सरळ पॅनेलिंगपाशी गेल्या, तळहात लावला, वाकून फटीजवळ वास घेतला आणि काकूंना म्हणाल्या, “पाणी कुठवर आलतं ओ?”

काकू क्षणभर गप्प राहिल्या. मग त्यांनी खरं ते सांगितलं. २०२१ च्या पुरात कमरेइतकं पाणी आलं होतं, आणि त्या ओलीचे डाग जाईनात म्हणूनच पॅनेलिंग केलं होतं. आई म्हणाल्या, “मग झाकलासा कशाला? आमच्यात बी आलतं की.” चहा झाला, पण व्यवहार झाला नाही.

मोठं घर विकायला काढणाऱ्या प्रत्येकाला मी ही हकीकत सांगतो. दोन-तीन कोटींचं घर घ्यायला आलेला माणूस शोभा बघायला आलेला नसतो. शोभा त्याला स्वतःच्या आवडीने करायची असते. तो येतो भीती घेऊन : या भिंतीमागे काय आहे, या कागदामागे काय आहे? जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला होता. गाडीतला दोष विकणाऱ्याला ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. म्हणून घेणारा प्रत्येक गाडीत दोष असू शकतो असं धरूनच भाव सांगतो, आणि चांगल्या गाडीचा मालक त्या भावाला न परवडून बाजारातूनच उठतो. पुढे २००१ मध्ये त्यांना याच विषयातल्या कामासाठी नोबेल मिळालं. घरांच्या बाजारातही हेच चालतं. म्हणून विक्रीआधीच्या सुधारणेची माझी कसोटी एकच आहे : या खर्चाने घेणाऱ्याची एखादी शंका मिटते का? मिटत असेल तर खर्च करा. नुसता डोळा दिपत असेल तर पैसे बँकेत राहू द्या.

कोल्हापुरात पहिली शंका पाण्याची, तेव्हा तिथूनच सुरुवात करू. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये नदी ५५ फुटांच्या पुढे गेली, जुलै २०२१ मध्ये ५६ फुटांच्या आसपास पोचली. त्यानंतर शाहूपुरी, रमणमळा, नागाळा पार्क या भागांत घर बघताना पूररेषेचा प्रश्न पहिल्या दहा मिनिटांत येतो. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकामाला साधारणपणे परवानगी मिळत नाही. दोन्ही रेषांच्या मधल्या पट्ट्यात अटी लागतात, त्यात जोतं उंच ठेवण्याची अट मुख्य. आपलं घर नेमकं कुठे बसतं हे नकाशावर बघून, तो कागद फाइलमध्ये लावून मगच गिऱ्हाइकाला बोलवा.

नदी हलवता येत नाही, पण पाण्याला तोंड द्यायची घराची तयारी वाढवता येते. पुराचं पाणी आधी फाटकातून येत नाही, ते गटारातून उलटं येतं. जयंती नाल्याला फूग आली की आसपासच्या घरांत न्हाणीच्या जाळीतून पाणी वर येतं, हे ज्यांनी पाहिलंय ते विसरत नाहीत. घराबाहेर पडणाऱ्या सांडपाण्याच्या नळाला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवणं हे छोटं काम आहे. वीज मीटर, मुख्य बोर्ड, इन्व्हर्टर आणि पाण्याची मोटर उंचावर घ्या. तळमजल्याचं वायरिंग जमिनीकडून वर नेण्याऐवजी छताकडून खाली उतरवा. तळमजल्याच्या कपाटांना एमडीएफ अजिबात नको. ते एका पुरात पावासारखं फुगतं. मरीन प्लाय किंवा लोखंडी सांगाडा बरा.

आणि भिंत उघडी करा. पाणी जिथवर चढलं होतं त्याच्या फूटभर वरपर्यंत जुनं सिमेंट प्लॅस्टर काढा आणि विटा एक अख्खा उन्हाळा उघड्या राहू द्या. विटेत मुरलेले क्षार बाहेर येतात, पांढरा लोणा दिसतो. तो कोरड्या ब्रशने झाडायचा, धुवायचा नाही. धुतलात तर क्षार पुन्हा आत जातात. भिंत पुरती वाळली की चुन्याचा गिलावा करा. तो श्वास घेतो, ओल बाहेर सोडतो. लोण्यावर पुट्टी आणि महागडा रंग मारला तर दोन पावसाळ्यांत पोपडे सुटणारच.

काकूंनी शेवटी हेच केलं. पॅनेलिंग उतरवलं, भिंती उन्हाळाभर उघड्या ठेवल्या, बोर्ड वर घेतले. जिन्याशेजारच्या भिंतीवर पुराच्या पातळीची एक बारीक रेघ त्यांनी मुद्दाम राखली आणि शेजारी तारीख घातली. पुढच्या वर्षी आलेल्या कुटुंबाला त्यांनी ती रेघ आधी दाखवली, मग दिवाणखाना. कायदाही हेच सांगतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५ व्या कलमानुसार, साधी काळजी घेऊनही घेणाऱ्याला कळणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने स्वतःहून सांगायचा असतो.

खालच्या पाण्यानंतर वरचं. आपल्याकडे चार महिने पाऊस धरून असतो, आणि घर तपासायला येणारा मिस्त्री जिन्याने थेट गच्चीवर जातो. गळती बंद करण्याचा आपल्याकडचा लाडका उपाय म्हणजे जुन्या कोब्यावर नवा कोबा. माझी हात जोडून विनंती आहे, हे करू नका. चार इंची वीटतुकड्याच्या कोब्याचं वजन चौरस फुटाला १८ किलोंच्या आसपास भरतं. म्हणजे हजार चौरस फुटांच्या गच्चीवर आणखी १८ टनांचा बोजा, तोही चाळीस वर्षांच्या स्लॅबवर. जुना थर काढा, स्लॅबच्या भेगा भरा, पावसाच्या नळाकडे शंभराला एक असा उतार काढा, भिंत आणि गच्ची जिथे मिळते तिथला गोलवा नीट करून घ्या, कारण निम्मी गळती तिथूनच असते. काम झालं की नळांची तोंडं बांधून गच्चीवर ४८ तास पाणी साठवून ठेवा आणि खालच्या छताचे तारखेसह फोटो काढा. संगमरवराच्या बिलापेक्षा हे फोटो घेणाऱ्याला जास्त पटतात, हा माझा अनुभव आहे.

जे आहे ते जपणं ही सुधारणाच आहे. कोल्हापूरच्या जुन्या बंगल्यांत घडीव काळ्या दगडाचं जोतं असतं आणि सागवानाच्या चौकटी असतात. १८८४ मध्ये पुरा झालेला नवा राजवाडा ज्या शहरात आहे, त्या शहरात काळ्या दगडाला ऑइलपेंट फासलेला दिसला की जीव कळवळतो. दगडावरचा रंग उतरवा, सांधे चुन्याने भरून घ्या. चौकटींवर वर्षानुवर्षं साठलेले ऑइलपेंटचे थर सुताराकडून खरवडून काढले की खालून पन्नास-साठ वर्षांचं पक्कं सागवान वर येतं. त्याला अळशीचं तेल किंवा साधं पॉलिश पुरे. तसं लाकूड आज नव्याने घ्यायला गेलं तर काय पडतं, ते घेणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. आधी वाळवी मात्र तपासा. चौकटीच्या पायथ्याशी बोटाने टकटक केली की पोकळ लाकूड लगेच बोलतं. फरशीचंही तसंच : नाणं आपटून बघा, जी फरशी बद्द वाजते ती उचलून पुन्हा बसवा. सगळी बदलायची गरज नसते.

उजेडाचं महत्त्व कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. अंबाबाईचा किरणोत्सव आपण वर्षातून दोनदा, नोव्हेंबरात आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर, श्वास रोखून बघतो. किरणं चरणांपर्यंत आली, कमरेपर्यंत आली, मुखापर्यंत पोचली का? पोचली नाहीत तर त्यांच्या वाटेत कुठे काय आडवं आलं ते शोधलं जातं. घराचंही असंच बघा. नवे दिवे लावण्याआधी उजेड कुठे अडतोय ते पाहा. खिडकीवर आलेली लोखंडी पत्र्याची शेड, जिन्याखालच्या खिडकीसमोर ठेवलेलं कपाट, मागच्या सोप्याला घातलेली काळी काच, छाटणी न केलेला फणस. या गोष्टी हलवायला एक सुतार, एक माळी आणि दोन दिवस लागतात. त्यानंतर दुपारी चार वाजता तोच दिवाणखाना दुसराच वाटतो.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. स्वयंपाकघराचं मॉड्युलर काम घर घेणारा बदलतोच, तेव्हा त्यावर लाखो घालू नका. पण मागच्या बाजूला, परड्यात उघडणारा दुसरा ओटा, त्याला पाणी, गॅसची जोडणी आणि धूर बाहेर जायला वाट करून द्या. मटणाचा रस्सा मागच्या ओट्यावर आणि देवाचा नैवेद्य आतल्या स्वयंपाकघरात, ही कितीतरी घरांची रीत आहे. तळमजल्यावर म्हाताऱ्या माणसांसाठी एक खोली, लागून संडास-बाथरूम, भिंतीला धरायला दांडा आणि न घसरणारी फरशी असेल, तर घर बघायला आलेली सासू तिथेच थांबते. जुनं आठ फुटी फाटक ॲम्बेसेडरच्या काळातलं. अरुंद रस्त्यावरून आजची मोठी गाडी त्यातून वळवून घेताना चालकाला घाम फुटतो. फाटक बारा फुटी करा. छतावरच्या सौर पॅनेलला पीएम सूर्यघर योजनेत ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळतं, पण फाइलमध्ये महावितरणची वर्षभराची बिलं जोडाल तर ती पॅनेलपेक्षा जास्त बोलतील. बाथटबबद्दल एवढंच सांगतो की मी तपासलेल्या घरांतल्या निम्म्या बाथटबांत गव्हाची पोती ठेवलेली होती.

आता ज्या मुद्द्यावर माझं अनेक मालकांशी जुळत नाही, तो. ताराबाई पार्कातला जुना, ऐसपैस आवाराचा बंगला असेल तर तो बहुतेकदा जागेच्या भावाने जातो. घेणारा बिल्डर असतो आणि व्यवहार झाल्यावर सहा महिन्यांत जेसीबी येतो. तिथे रंगाचा एक डबाही खर्च करू नये. तिथली सुधारणा कागदावर करायची. नगर भूमापन कार्यालयाकडून सरकारी मोजणी करून हद्दी कायम करून घ्या. प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबांचं नाव असेल तर वारसनोंद करा. घरफाळा आणि पाणीपट्टी चुकती करून पावत्या लावा. मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र शोधा, सापडत नसेल तर नक्कल मागा.

राहत्या घरालाही हे लागू आहेच. बँकेचा मूल्यांकनकार मंजूर नकाशा हातात धरून फिरतो. गच्चीवर विनापरवाना चढवलेली देखणी खोली त्याच्या हिशेबात येत नाही, आणि तिच्यामुळे कर्ज अडलं तर तुमचं गिऱ्हाईक जातं. नियमात बसत असेल तर शुल्क भरून ती खोली नियमित करून घ्या. ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथे सुरू झालं आणि घरं बघणाऱ्यांत वकीलही दिसू लागले. ते तर दारातून आत येण्याआधी फाइल मागतात.

बिलांचंही सांगून ठेवतो. घरात केलेली कायमची भर, म्हणजे नवी खोली किंवा लिफ्ट, हिचा खर्च भांडवली नफा काढताना वजा मागता येतो. रंगरंगोटी आणि किरकोळ दुरुस्ती त्यात धरत नाहीत. म्हणून पैसे बँकेतून द्या आणि पक्कं बिल घ्या. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर घेणारा एक टक्का कर कापून उरलेली रक्कम देतो. पण वारसांपैकी कोणी परदेशात राहत असेल तर त्याच्या हिश्श्यावरची कपात याहून कितीतरी जास्त असते. ते गणित सीएकडून आधीच करून घ्या, ऐन दस्ताच्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बसून नको.

राहिला मुहूर्त. गिलाव्याची कामं होळीनंतर काढा, गच्ची मे अखेर पुरी करा, रंगाला दसऱ्याशिवाय हात लावू नका. ऑक्टोबरच्या उन्हात भिंत आतून सुकली की मगच रंग धरतो. घर दाखवायला सगळे दिवाळीनंतरचे दिवस निवडतात. पण कामं मनापासून केली असतील तर मी मालकांना जुलैत दाखवा म्हणतो. गेल्या पावसाळ्यात प्रतिभानगरातलं एक घर असंच दाखवलं. बाहेर धो धो पाऊस, दारात ओल्या छत्र्यांची रांग. घेणाऱ्यांनी आणलेला म्हातारा मिस्त्री वरच्या खोलीच्या कोपऱ्यात उभा राहून बराच वेळ छताकडे बघत होता. मग त्याने भिंतीवरून हात फिरवला, तळवा उलटा करून बघितला आणि तो कोरडा हात मालकाला दाखवून खाली उतरला.