नागपाडा ते एम.फिल.

मानसिक आरोग्यातील सामाजिक कार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाचे मूळ शोधत गेले की आपण मनोरुग्णालयात नव्हे, मुंबईतील नागपाड्याच्या कामगारवस्तीत पोहोचतो. क्लिफर्ड मॅनशार्ट तिथे नेबरहूड हाऊस हे वस्तीकेंद्र चालवत होते. त्यातूनच १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क, म्हणजे आजची टाटा समाजविज्ञान संस्था, उभी राहिली. पुढच्याच वर्षी तिला जोडून बालमार्गदर्शन केंद्र निघाले. वर्ग आणि वस्ती यांत अंतर नव्हते, आणि माझ्या मते या शिक्षणाचे खरे बळ तेव्हापासून तेच राहिले आहे: अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखालचे क्षेत्रकार्य. १९५४ साली बंगळूरुत अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था सुरू झाली. तिचेच पुढे निम्हान्स झाले. तिथे हे काम वॉर्डात आले, मनोविकारतज्ज्ञ आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांच्या बरोबरीने बसले. त्यातून दर्जा मिळाला, पण वस्ती थोडी दूर गेली. तरीही २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्करची व्याख्या करताना एम.एस.डब्ल्यू.नंतर दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. मागितले, आणि त्यात देखरेखीखालचे प्रशिक्षण हवे, असेही स्पष्ट लिहिले.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बहुतेक विकारांसाठी उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण ७० टक्क्यांच्या वर आढळले. अशा देशात एवढे लांबलचक शिक्षण परवडते का? गोव्यात 'संगत' संस्थेने केलेल्या प्रयोगांनी तर दाखवून दिले की थोडक्या प्रशिक्षणाने तयार झालेले स्थानिक समुपदेशकही नैराश्य आणि चिंताविकाराच्या रुग्णांना खरी मदत करू शकतात. हे मान्यच करायला हवे. पण त्या समुपदेशकांच्या पाठीशी नियमित मार्गदर्शन होते, हे विसरून चालणार नाही. अवघड केस कुठे पाठवायची, कुठे थांबायचे, हे सांगणारा माणूस कुठूनतरी घडवावाच लागतो. समुपदेशक वाढतील तशी त्याची गरज वाढेल, कमी होणार नाही.

म्हणून २०२०च्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. बंद करायचे ठरवले, तेव्हा उडालेला गोंधळ समजण्यासारखा होता. कायदा जी पदवी मागतो, तीच धोरणाने काढून घेतली. विद्यापीठ अनुदान आयोगाला सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्कच्या एम.फिल.साठी २०२५-२६पर्यंत मुदत वाढवून द्यावी लागली. मला पदवीच्या नावाशी देणेघेणे नाही. तिच्या जागी येणाऱ्या अभ्यासक्रमात विद्यार्थी किती तास वॉर्डात घालवणार, किती घरांच्या पायऱ्या चढणार आणि त्याच्या नोंदी कोण तपासणार, हे मला पाहायचे आहे. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत बरे होऊनही घरच्यांनी न नेलेली माणसे आहेत. त्यांच्या नातेवाइकांचा पत्ता शोधून दार ठोठावणे आणि आत कोणी 'नको' म्हणाले तरी तिथेच बसून बोलणे, हे फक्त व्याख्याने ऐकून कोणालाही जमलेले नाही.