विषुववृत्ताखालील खोल सागरी प्रवाह

मुंबईच्या दक्षिण टोकाला, कुलाबा येथील वेधशाळेच्या आवारात, 1963 मध्ये एका आंतरराष्ट्रीय हवामान केंद्राचे काम सुरू झाले. हिंदी महासागराच्या अभ्यासासाठी अनेक राष्ट्रांनी मिळून जी मोहीम हाती घेतली होती, तिच्यातील वाऱ्यांची निरीक्षणे येथे नकाशांवर उतरविली जात. त्या काळी अपूर्वाईचा असलेला संगणकही केंद्रात होता. 'अँटन ब्रून' हे संशोधन जहाज त्याच वर्षी मुंबई बंदरातून निघाले. गिरगाव चौपाटीवर सायंकाळी फिरावयास येणाऱ्यांना याची फारशी वार्ता नसावी. परंतु याच मोहिमेत, मुंबईच्या अक्षांशापासून सुमारे 2,100 किलोमीटर दक्षिणेस, विषुववृत्ताखाली दडलेला एक प्रवाह मोजला गेला.

शाळेतील नकाशांवर सागरी प्रवाहांचे जे बाण दाखविलेले असतात, ते केवळ पृष्ठभागाचे. प्रस्तुत लेखक कला शाखेचा. त्या बाणांखाली दुसरे काही असेल, अशी शंकाही त्याला विद्यार्थिदशेत आली नव्हती. प्रशांत महासागरात 1952 मध्ये टाउनसेंड क्रॉमवेल यांना ती यावयास एक साधी गोष्ट कारणीभूत झाली. वरचे पाणी पश्चिमेस वाहत असता मासेमारीच्या खोल सोडलेल्या दोऱ्या पूर्वेस सरकत होत्या!

याचे कारण असे. पृथ्वीच्या परिवलनामुळे वाहते पाणी उत्तर गोलार्धात उजवीकडे व दक्षिण गोलार्धात डावीकडे वळते. नेमक्या विषुववृत्तावर हा परिणाम शून्य होतो. तेथील पूर्वेकडून येणारे वारे पाणी पश्चिमेस लोटतात आणि त्या बाजूस समुद्राची पातळी सुमारे अर्धा मीटर उंच होते. वाऱ्याचा जोर जेथे पोहोचत नाही, तेथे, शे-दीडशे मीटर खोलीवर, पाणी या उतारावरून सरळ पूर्वेस धावते. ते उत्तरेस भरकटू लागले तर उजवीकडे, म्हणजे दक्षिणेस वळते. दक्षिणेस गेले तर डावीकडे, म्हणजे उत्तरेस. म्हणून हा प्रवाह विषुववृत्त सोडून जात नाही.

हिंदी महासागरात वारे मोसमाप्रमाणे बदलत असल्याने हा अंतःप्रवाह मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास प्रकट होतो व पुढे विरतो. दोन मोसमांच्या संधिकाळात मात्र पृष्ठभागावरच पूर्वेकडे जाणारा जोरदार प्रवाह उत्पन्न होतो. क्लाउस विर्टकी यांनी 1973 मध्ये त्याचे वर्णन केले.

खरे नवल याच्याही खाली आहे. 1976 मध्ये ल्युटेन व स्वॅलो यांनी पश्चिम हिंदी महासागरात खोलवर मापने केली, तेव्हा एकावर एक रचलेले प्रवाह आढळले. गिरगावातील चाळीची कल्पना करावी. एका मजल्याच्या गॅलरीतून सारी मंडळी पूर्वेस चालली आहेत, खालच्या मजल्यावर पश्चिमेस, त्याखाली पुन्हा पूर्वेस. प्रत्येक मजला काही शे मीटरांचा. वेग सेकंदास सुमारे 10 ते 20 सेंटिमीटर.

शेजारच्या थरांच्या घर्षणाने हे प्रवाह थांबत का नाहीत? विषुववृत्त हे सागरी लाटांसाठी एखाद्या पन्हळीसारखे असते. पूर्वेकडे जाणाऱ्या लाटा किनाऱ्यावर आदळून दुसऱ्या, मंद लाटांच्या रूपाने परततात. या ये-जा करण्याला महासागराच्या रुंदीनुसार ठरलेला काळ लागतो. अटलांटिकमध्ये तो सुमारे साडेचार वर्षे आहे. झोपाळ्याला योग्य क्षणी दिलेला लहानसा धक्का पुरतो, तद्वत अल्पकालीन लाटांकडून मिळणारी ऊर्जा या संथ आंदोलनाला टिकवून धरते. ही ऊर्जा खालून वर येते आणि अटलांटिकमध्ये तिचा परिणाम पृष्ठभागाच्या तापमानावर व पावसावर दिसतो, असे 2011 मध्ये दाखविण्यात आले.

आपल्याकडे पेरणीचा निर्णय घेणाऱ्यास याचे महत्त्व सांगावयास नको. पृष्ठभागावरील विर्टकींचा प्रवाह उष्ण पाणी पूर्वेस नेतो. 1997 च्या शरद ऋतूत तो अत्यंत क्षीण झाला होता. त्याच वर्षी तीव्र एल निनो असूनही भारतातील पावसाने दगा दिला नाही. विषुववृत्तीय हिंदी महासागरावरील ढगांच्या आंदोलनाकडे या संदर्भात लक्ष वेधले ते पुण्यात जन्मलेल्या शास्त्रज्ञ सुलोचना गाडगीळ यांनी.

मुंबईचा किनाराही या घडामोडींपासून अलिप्त नाही. सुमात्रापाशी पोहोचलेल्या लाटांचा काही अंश किनारा उजव्या हातास ठेवून बंगालच्या उपसागराला वळसा घालतो आणि श्रीलंकेवरून आपल्या पश्चिम किनाऱ्याने वर येतो. अपोलो बंदर येथे 1878 पासून भरती-ओहोटीची नोंद ठेवली जात आहे. उधाणाच्या काही मीटरांपुढे या लाटांचे काही सेंटिमीटर नजरेत भरत नाहीत. परंतु रोजची भरती-ओहोटी वजा केली की पातळीतील असे संथ चढ-उतार उरतात.

गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने 2000 पासून विषुववृत्तावर प्रवाहमापकांच्या साखळ्या सोडण्यास प्रारंभ केला. तळाशी जड वजन, वर तरंगती गोळी, मध्ये ठरावीक खोलीवर यंत्रे. मुदत संपली की जहाज त्या जागी जाते आणि पाण्यातून ध्वनिसंकेत पाठविते. वजन सुटते आणि दीर्घकाळ अंधारात नोंदी घेत राहिलेली यंत्रे वर येतात.