लोहाची गोळी आणि गव्हाचा दाणा

थकवा, धाप, पांढुरका चेहरा. अशा तक्रारी घेऊन दवाखान्यात बायका नेहमी येतात. हिमोग्लोबिन आठ-नऊ निघते. लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या की सोबतचे गृहस्थ विचारतात, "डॉक्टर, जास्त लोहाचा गहू निघालाय म्हणे. तो खाल्ला तर गोळ्या बंद करता येतील का? प्रयोगशाळेतला गहू बाधणार नाही ना?"

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने 'एमएसीएस ४०२८' हा बन्सी गव्हाचा वाण काढला. २०१८ साली तो महाराष्ट्र व कर्नाटकासाठी अधिसूचित झाला. त्यात प्रथिने १४.७ टक्के, तर किलोमागे लोह ४६ आणि जस्त ४० मिलिग्रॅमच्या आसपास आहे. हा संकर करून निवडलेला वाण आहे; त्यात परक्या जीवाचे जनुक घातलेले नाही.

मग प्रयोगशाळेत काय चालते? २००६ साली शास्त्रज्ञांनी रानगव्हातले एक जनुक ओळखले. पीक पिकताना पानांतली प्रथिने, लोह व जस्त दाण्यात उतरवण्याचे काम ते करते. असा गुण संकराने आपल्या गव्हात आणायचा, तर शेकडो रोपांतून नेमके रोप हुडकावे लागते. पूर्वी त्यासाठी कणसे भरेपर्यंत थांबावे लागे. आता कोवळ्या पानाचा तुकडा घेऊन त्यातल्या डीएनएवरची खूण तपासतात. आपण रक्ताचा थेंब तपासतो, तसेच हे. खूण पाहिल्याने धान्यात काहीही मिसळले जात नाही.

असे धान्य गुणकारी आहे का? अहिल्यानगर (तेव्हाचे अहमदनगर) भागात १२ ते १६ वर्षांच्या मुलामुलींना जास्त लोहाच्या बाजरीची भाकरी रोज देऊन पाहिली. काही महिन्यांतच त्यांच्या शरीरातला लोहाचा साठा वाढला. हे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले.

तरीही हिशेब पाहा. रोज २०० ग्रॅम असा गहू खाल्ला तरी लोह मिळते नऊ मिलिग्रॅम, आणि त्यातलेही थोडेच अंगी लागते. सरकारी लोहगोळीत ते साठ मिलिग्रॅम असते. झालेला पंडुरोग गोळीनेच भरून निघतो. तो पुन्हा होऊ नये म्हणून ताटातले धान्य कामी येते. तेव्हा असा गहू मिळाला तर निर्धास्त खा, जेवणात लिंबू पिळा, जेवणावर लगेच चहा घेऊ नका. गोळ्या मात्र डॉक्टरांनी सांगेपर्यंत बंद करू नका.