रानकुत्री बागडतात का?

मागच्या लेखात ‘प्लेफुल’साठी आपण ‘खेळकर’ पक्का केला. ‘फ्रॉलिक’ त्याच घरातला वाटतो, पण तिथे ‘खेळकर’ चालत नाही. खेळकरपणा हा स्वभाव आहे आणि फ्रॉलिक ही कृती. हा शब्द सोळाव्या शतकात डच भाषेतून इंग्रजीत आला तेव्हा विशेषण होता, अर्थ ‘आनंदी’. त्याच शतकाच्या अखेरीस तो क्रियापद झाला, म्हणजे मनाची अवस्था सांगणारा शब्द अंगाची हालचाल सांगू लागला. त्याच्या जोडीचा ‘गॅम्बॉल’ तर मुळातच पायातून निघालेला आहे. इटालियनमध्ये ‘गाम्बा’ म्हणजे पाय. आपल्याकडची विशेषणे मात्र रागावणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या तोंडची. खोडकरमध्ये खोड आहे, मस्तीखोरमध्ये फारसीतली नशा आहे (माजावर आलेल्या हत्तीसाठी इंग्रजीने हाच ‘मस्त’ उचलला), आणि वांड तर सरळ तक्रारच. म्हणून फ्रॉलिकला विशेषण न शोधता क्रियापद शोधावे, आणि ते ‘बागडणे’ हे असावे, असे माझे म्हणणे आहे. ‘हुंदडणे’ जवळचे आहे खरे, पण ‘दिवसभर हुंदडतोय नुसता’ यातला सूर फ्रॉलिकमध्ये नाही.

वासरू बागडते, कोकरू बागडते, इथवर कोणाची हरकत नसते. कसोटी लागते ती गोंदिया जिल्ह्यातल्या नागझिऱ्यात. 1970 साली अभयारण्य झालेले आणि 2013 पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात असलेले हे जंगल रानकुत्र्यांसाठीही ओळखले जाते. रानकुत्र्यांचा कळप म्हणत नाहीत, टोळी म्हणतात. माकडांचीही टोळीच असते, पण तिला दरोड्याचा वास येत नाही. सावज पुरते मरण्याआधीच खायला लागणारा हा प्राणी क्रूर ठरला. इंग्रजी अमदानीत त्याला मारणाऱ्याला बक्षीस मिळे. कायद्याचे संरक्षण आले ते 1972 नंतर. अशा जनावराला ‘बागडतो’ म्हणताना जीभ अडखळते. पण हिवाळ्यात बिळात जन्मलेली त्याची पिल्ले बाहेर पडली की एकमेकांवर उड्या घेतात, लोळतात, शेपट्या धरून ओढतात. टोळीतली मोठी जनावरे त्यांच्यासाठी पोटातले मांस ओकून देतात आणि शिकारीवरही त्यांना आधी खाऊ देतात. या उड्यांना दुसरे क्रियापद कोणते लावणार?

यावर पहिला आक्षेप असा की हे बागडणे नव्हे, शिकारीची तालीम आहे. जर्मन अभ्यासक कार्ल ग्रूस यांनी 1896 साली प्राण्यांच्या खेळाबद्दल असेच मांडले होते आणि ते अजून सर्रास सांगितले जाते. पण लिंडा शार्प यांनी कलहारीतल्या मीरकॅटांवर केलेल्या, 2005 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लुटुपुटुच्या लढाया जास्त खेळलेली पिल्ले पुढे खऱ्या लढाईत जास्त जिंकली नाहीत. एका प्राण्यावरून सगळ्यांचा निकाल लागत नाही, हे मान्य. तरी तालीम हा अर्थ शब्दातच कोंबू नये, एवढे त्यावरून म्हणता येते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ‘बागडणे’ म्हटले की आनंद आलाच, आणि जनावराच्या मनातले आपल्याला काय कळते? इथे मार्क बेकॉफ यांचे काम उपयोगी पडते. कुत्री, लांडगे आणि कायोटी यांच्या खेळात पुढचे पाय पसरून, छाती टेकून, मागचा भाग वर करण्याची एक ठरलेली ढब असते. डोके झटकत जोरात चावण्याच्या अगदी आधी किंवा लगेच नंतर ती हमखास दिसते, असे त्यांनी 1995 साली दाखवले, आणि तिला चक्क विरामचिन्हाची उपमा दिली. चावा खरा मानू नकोस, असे तिने सांगितले जाते. आनंद मोजता येत नसेल, पण खेळ आणि भांडण यांतला भेद ती जनावरे स्वतःच करतात. चावाचावीला हवे तर ‘झोंबाझोंबी’ म्हणावे. तिच्याभोवतीच्या धावपळीला आणि उड्यांना ‘बागडणे’ शोभते. अडचण उरते ती त्या ढबीची. इंग्रजी तिला ‘बो’ म्हणते, पण मराठीत ‘नमस्कार’ किंवा ‘मुजरा’ म्हटले की ताबेदारी येते आणि अर्थ उलटतो. ‘खेळाचे बोलावणे’ हा माझ्यापुरता तोडगा आहे.