अठरांतले दोन: बाजार समितीतला व्यापारी संचालक

वऱ्हाडातल्या मूर्तिजापूरसारख्या कृषी उत्पन्न बाजार समितीच्या संचालक मंडळात निवडून आलेले अठरा जण असतात. अकरा सेवा सहकारी सोसायट्यांचे, चार ग्रामपंचायतींचे, एक हमाल-मापाऱ्यांचा आणि दोन अडते-व्यापाऱ्यांचे. ज्याच्या पैशावर बाजाराची रोजची उलाढाल चालते त्याला दोनच जागा, आणि सभापती-उपसभापती निवडायचे ते शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींतून.

सुरुवात उलटी होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धात (१८६१ ते १८६५) वऱ्हाडच्या कापसाला परदेशातून मागणी आली आणि १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. तेव्हा वऱ्हाडचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटकडे होता. त्याच्या अमलात १८८६ मध्ये कारंज्याला देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार उभा राहिला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. पुढे शकुंतला रेल्वेने हेच कारंजे मूर्तिजापूरला जोडलं. त्या जुन्या बाजार समित्यांत वरचष्मा व्यापाऱ्यांचा होता. काटा, कडता, हमाली यांचे नियम करणारे आणि माल घेणारे बहुतेक एकच. माल पिकवणारा मात्र बैठकीत नव्हता. महाराष्ट्राच्या १९६३ च्या पणन कायद्याने बहुमत शेतकऱ्यांकडे दिलं.

व्यापारी संचालक व्हायला आधी समितीचा परवाना लागतो, आणि मतदारही परवानाधारकच. हेच परवाने देणं, निलंबित करणं, रद्द करणं समितीच्या हातात असतं. म्हणजे आपल्या शेजारच्या गाळेवाल्याचा परवाना राहावा की जावा, या बैठकीत व्यापारी संचालकही बसतो. निर्णय पटला नाही तर पणन संचालकांकडे अपील करता येतं.

समिती चालते ती बाजार शुल्कावर. शंभर रुपयांच्या मालाला ७५ पैसे ते १ रुपया, आणि शासनाचा देखरेख खर्च ५ पैसे. दहा क्विंटल कापूस ७,५०० रुपये भावाने गेला तर ७५,००० रुपयांवर एक रुपया दराने ७५० रुपये शुल्क आणि साडेसदतीस रुपये देखरेख खर्च. हे दोन्ही खरेदीदाराने भरायचे, शेतकऱ्याच्या पट्टीतून कापायचे नाहीत. यार्डातले रस्ते, शेड, काटे यांचा खर्च यातूनच निघतो. त्यामुळे शुल्काचा दर आणि त्याचा खर्च या दोन्हींवर व्यापारी संचालकाचं बारीक लक्ष असतं.

त्याची खरी कसोटी लागते ती हर्रासीनंतर. गाडीवरचा कापूस व्यापारी वरून पाहतो, सरकीवरची रुई बोटांनी ओढून धाग्याची लांबी अजमावतो आणि बोली लावतो. भाव ठरतो, गाडी जिनिंगवर जाते. तिथे माल खाली होताना ‘आतून ओला निघाला’ म्हणून भाव तोडायची भाषा सुरू होते. कधी तक्रार खरी असते, वरचा थर कोरडा आणि खालचा ओला. कधी तो नुसता बहाणा असतो, कारण अर्धी गाडी रिकामी झाल्यावर शेतकरी माल परत नेत नाही, हे खरेदीदाराला ठाऊक असतं. अशा भांडणांचा निवाडा समितीने करायचा असतो. ओल किती हे मीटर सांगतं. भारतीय कापूस महामंडळ हमीभावाने घेताना ८ टक्के ओल धरतं, वर गेली की पैसे कापतं आणि १२ टक्क्यांच्या पुढे माल घेत नाही. पण किती ओलीला किती भाव तोडणं रास्त, हे जिनिंगचा हिशेब जाणणाराच सांगू शकतो. एक क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. हा उतारा व्यापाऱ्याला तोंडपाठ असतो. त्याचं हे ज्ञान मंडळाला हवंच असतं, फक्त निकाल त्याच्या एकट्याच्या हाती नको.

शेतकऱ्याने यातून घ्यायचं ते एवढंच: भाव तोडायची भाषा निघाली की गाडी तिथेच थांबवावी, उरलेला माल उतरू देऊ नये आणि सौदापट्टी घेऊन समितीच्या कार्यालयात लेखी तक्रार द्यावी. गाडी रिकामी झाल्यावर ओल मोजायला माल उरत नाही.