एक वाजून वीस मिनिटांचं ऊन

ॲडिसन स्टेशनात गाडी थांबते आणि डबा जवळजवळ रिकामा होतो. जिना उतरलेली गर्दी एकाच दिशेला वळते, पश्चिमेला. निळे टी-शर्ट, निळ्या टोप्या, बापाच्या खांद्यावर बसलेली पोरं. फुटपाथवर खाऱ्या शेंगांच्या पिशव्या विकणारे ओरडतायत. शिकागोतली जुलैची दुपार आहे. साडेबारा वाजलेत. बेसबॉलचा सामना एक वाजून वीस मिनिटांनी.

समोर रिगली फील्ड. क्लार्क आणि ॲडिसन रस्त्यांच्या कोपऱ्यावर मैदानाची लाल पाटी, तिच्याखाली फोटो काढणाऱ्यांची झुंबड. फाटकापासून निघालेली रांग फुटपाथभर पसरलेली. सूर्य डोक्यावर आहे, त्यामुळे भिंतीची सावली जेमतेम हातभर. त्या हातभर सावलीत लोक भिंतीला पाठ लावून उभे आहेत. बॅगा तपासल्या जातायत. रांग दोन पावलं सरकते, थांबते.

माझ्या पुढं एक मराठी कुटुंब आहे. मुलगा इथं नोकरीला, आईवडील उन्हाळ्यापुरते आलेले. आईंच्या साडीखाली नवे कोरे स्पोर्ट्स शूज. मुलगा वडिलांपुढं टोपी धरतो.

"अरे, आम्ही नागपूरचं ऊन काढलंय," ते म्हणतात.

"बाबा, घाला ना."

नागपूरपुढं हे ऊन काहीच नाही, हे खरंच. इथं जुलैत दुपारी सरासरी 29 अंश असतात. पण नागपुरात भर दुपारी कुणी उघड्यावर न हलता बसून राहत नाही. इथं बसायचं असतं. पूर्वी सामना तीन तास चाले. 2023 मध्ये चेंडू टाकायला वेळेची मर्यादा आली, तेव्हापासून तो दोन तास चाळीस मिनिटांच्या आसपास आटोपतो. म्हणजे चार वाजेपर्यंत.

आत शिरल्यावर आधी काँक्रीटचा अंधारा बोळ. गार वाटतं. भाजलेल्या सॉसेजचा आणि कांद्याचा वास. चार पायऱ्या चढून वर आलं की हिरवं मैदान एकदम अंगावर येतं, आणि त्यासोबत ऊनही. पलीकडच्या विटांच्या भिंतीवर वेल चढलेली आहे. ती 1937 मध्ये लावली. तिच्या वर, पाठीमागच्या भागात बिनछपराचे बाक. तिथं जागा राखून ठेवलेल्या नसतात, आधी येईल तो आधी बसेल. म्हणून तिथं बसणारे सकाळपासून रांगेत उभे राहतात आणि सगळ्यात जास्त ऊनही तेच खातात. बाकांच्या डोक्यावर अवाढव्य धावफलक आहे. आत माणसं बसून आकड्यांच्या पाट्या हातानं बदलतात. पण तो ईशान्येला असल्यामुळे त्याची सावली मैदानाबाहेर, रस्त्याकडे पडते. बाकांना तिचा उपयोग नाही.

सावलीचं सगळं गणित दिशेत आहे. बेसबॉलच्या नियमपुस्तकात लिहिलेलं आहे की होम प्लेटपासून, म्हणजे बॅटर उभा राहतो तिथून, दुसऱ्या बेसकडे जाणारी रेघ शक्यतो पूर्व-ईशान्येला असावी. तशी असली की दुपारचा सूर्य बॅटरच्या पाठीशी राहतो, त्याचे डोळे दिपत नाहीत. रिगलीवर ही रेघ ईशान्येला जाते. त्यामुळे होम प्लेटच्या मागं आणि तिसऱ्या बेसच्या बाजूला बसणाऱ्यांच्याही पाठीशी सूर्य येतो. पहिल्या बेसच्या पलीकडं, उजव्या कोपऱ्यात बसलेल्यांच्या मात्र तो थेट तोंडावर येतो. दोन्हीकडं एकाच किमतीचं तिकीट मिळू शकतं. उन्हाचा उल्लेख त्यावर नसतो.

पहिली इनिंग सुरू होते. होम प्लेटजवळच्या पुढच्या रांगा, सगळ्यात महागड्या, लख्ख उन्हात आहेत. एक बाई खुर्चीवर बसते आणि लगेच उठते. मग पर्समधला रुमाल उलगडून खाली अंथरते, चारी टोकं नीट ओढून घेते आणि हळूच टेकते. मांड्यांखाली रुमाल पुरत नाही. कडेला उघडं पडलेलं हिरवं प्लॅस्टिक तिच्या पायाला लागतं, तशी ती पाय आत घेते.

मी पायऱ्या चढून मागं जातो. 200 पासून सुरू होणारे विभाग वरच्या मजल्याच्या पोटाखाली येतात. इथं पूर्ण सावली आहे, वारा आहे. अन् खांब आहेत. हे मैदान 1914 चं. वरचा मजला पुढं 1920 च्या दशकात चढला, आणि त्याचा भार लोखंडी खांबांवर आहे. एका खुर्चीवरून चेंडू टाकणारा पिचर दिसत नाही. शेजारच्या खुर्चीवरून पिचर दिसतो, पण पहिला बेस जातो. खांबामागं बसलेला तरुण प्रत्येक चेंडूला मान डावीकडं काढतो. अगदी मागच्या रांगांना आणखी एक अडचण. चेंडू उंच उडाला की छताआड जातो. मग सगळे क्षेत्ररक्षकाकडे बघतात. तो मागं धावतोय की जागेवर थांबलाय, त्यावरून चेंडूचा अंदाज घेतात.

चॉकलेट मॉल्टचे गोठवलेले कप विकणारा पायऱ्या उतरतो. उन्हातल्या रांगांत त्याचा डबा बघता बघता हलका होतो. छोटी मुलगी लाकडी चमच्यानं कपाच्या कडेचं आधी खाते, कारण तेच आधी वितळतं.

पाचवी इनिंग. सूर्य नैऋत्येकडं झुकलाय. छपराची सावली एकेक रांग खाली उतरतेय. तिसऱ्या बेसकडच्या लोकांनी टोप्या काढल्यात. ते मराठी कुटुंब तिथंच बसलंय, मधल्या रांगेत. वडील मुलाला बेसचा हिशेब विचारतायत. उजव्या कोपऱ्यात मात्र लोक डोळ्यांवर हात धरून बसलेत, आणि जिन्याच्या बोळात उभं राहून सामना बघणाऱ्यांची संख्या वाढतेय. कुणी पोराच्या मानेवर पाणी ओततंय.

दुपारचे सामने हा या मैदानाचा जुना रिवाज आहे. बेसबॉलच्या मोठ्या लीगच्या मैदानांत दिवे सगळ्यात शेवटी इथं लागले, ऑगस्ट 1988 मध्ये. आसपास वस्ती आहे, म्हणून रात्रीच्या सामन्यांवर शहराची मर्यादा आजही आहे. मला हे दिवसाचे सामने मनापासून आवडतात. उन्हात गवताचा रंगच वेगळा दिसतो.

आईवडिलांना किंवा लहान मुलांना घेऊन जाणार असाल, तर तिकीट काढताना एवढं बघा. बाजू तिसऱ्या बेसची किंवा होम प्लेटच्या मागची. विभाग 200 चा, रांग मधली, आणि समोर खांब नाही ना याची खात्री. ते परवडत नसेल तर सगळ्यात वरच्या मजल्यावरचे 400 चे विभाग घ्या, तिथंही छप्पर आहे. एप्रिलमध्ये मात्र याच सावलीत जवळच्या मोठ्या तळ्यावरचा वारा हाडांत शिरतो. तेव्हा उन्हातली जागा घ्या.